‘व्यवसाय : नाही’ — बेर्त मोरिझो हिची उपेक्षित चित्रकारकीर्द : एक ऐतिहासिक आकलन

प्रस्तावना

२ मार्च १८९५ रोजी पॅरिस येथे बेर्त मोरिझो या चित्रकर्तीचे वयाच्या ५४ व्या वर्षी न्यूमोनियाने निधन झाले. तिच्या मृत्यूच्या सरकारी दाखल्यात व्यवसायाविषयीची नोंद ‘व्यवसाय नाही’ अशी आहे. पासी येथील दफनभूमीत माने कुटुंबाच्या थडग्यावर तिचे नाव कोरलेले आहे. परंतु तेथेही ती युजेन माने याची विधवा एवढीच तिची ओळख दिलेली आहे. ज्या स्त्रीविषयी ही नोंद झाली तिने चारशेहून अधिक तैलचित्रे आणि त्याखेरीज जलरंगातील चित्रे, पेस्टल व रेखाटने एवढा संभार मागे ठेवला होता. १८७४ ते १८८६ या काळात पॅरिसमध्ये भरलेल्या दृक्प्रत्ययवादी चित्रकारांच्या आठ प्रदर्शनांपैकी सात प्रदर्शनांत तिची चित्रे होती. एकच प्रदर्शन चुकले, ते १८७९ चे. कारण १४ नोव्हेंबर १८७८ रोजी तिला कन्या झाली होती. क्लोद मोने आणि रन्वार हे या चळवळीचे अध्वर्यू मानले जातात, पण या आठांपैकी इतक्या प्रदर्शनांत त्यांचाही सहभाग नव्हता.

अशा चित्रकर्तीची कारकीर्द सुमारे पाऊण शतक कलेतिहासाच्या मुख्य प्रवाहाबाहेर का राहिली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. याचे सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर असे की, एकोणिसाव्या शतकातील समाजाने स्त्रीला चित्रकार होऊ दिले नाही. हे उत्तर मोरिझोच्या बाबतीत पुरेसे ठरत नाही. तिला चित्रे काढता आली, ती प्रदर्शनांत लागली, समकालीनांनी त्यांची दखलही घेतली. तेव्हा उपेक्षेचे मूळ तिच्या हयातीतील बंधनांत जितके आहे त्याहून अधिक ते तिच्याविषयीच्या नोंदींत, समीक्षेच्या शब्दांत आणि चित्रांच्या मालकीच्या इतिहासात आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

कागदावरील नोंद आणि प्रत्यक्ष श्रम यांतील हे अंतर आपल्यालाही अपरिचित नाही. महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जांत ‘आईचा व्यवसाय’ या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याची आई पहाटेपासून शेतात राबत असते, हे त्या विद्यार्थ्याला ठाऊक असते आणि अर्ज तपासणाऱ्या आम्हा अध्यापकांनाही. उद्या कोणी या अर्जांवरून इतिहास लिहू लागला, तर तो काय लिहील याची कल्पना करता येते.

घर, गुरू आणि लूव्र

बेर्तचा जन्म १४ जानेवारी १८४१ रोजी मध्य फ्रान्समधील बूर्ज येथे झाला. वडील वरिष्ठ प्रशासकीय अधिकारी होते. पुढे कुटुंब पॅरिसला स्थायिक झाले. तेथे आईने मुलींना चित्रकलेची शिकवणी लावली, ती त्यांनी वडिलांच्या वाढदिवशी स्वतः काढलेले चित्र त्यांना भेट द्यावे एवढ्याच हेतूने. सुखवस्तू घरातील मुलीला पियानो, भरतकाम आणि थोडी चित्रकला यावी, ही त्या वर्गाची रीतच होती. परंतु जोझेफ गिशार या शिक्षकाच्या लवकरच ध्यानात आले की, बेर्त आणि तिची थोरली बहीण एदमा यांच्या बाबतीत ही कला दिवाणखान्याच्या शोभेपुरती राहणार नाही. या मुली चित्रकार होतील आणि तुमच्यासारख्या घराण्यात ती एक क्रांती, किंबहुना आपत्तीच ठरेल, अशा आशयाचा इशारा त्याने आईला दिला. आईने शिकवणी थांबविली नाही, ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

पॅरिसच्या शासकीय कला विद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला तो १८९७ मध्ये, म्हणजे मोरिझोच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. त्यामुळे खाजगी शिकवणी आणि लूव्र संग्रहालयातील जुन्या चित्रांच्या प्रतिकृती करणे, हाच तिच्यापुढे मार्ग होता. तेथेही तरुण मुलीने एकटीने जावयाचे नसे; कोणीतरी वडीलधारी स्त्री सोबत असावी लागे. ऐतिहासिक व पौराणिक विषयांवरील भव्य चित्रे हा त्या काळी सर्वश्रेष्ठ चित्रप्रकार मानला जाई आणि त्यासाठी आवश्यक असणारा नग्न मानवी देहाचा अभ्यास तिच्या वर्गातील मुलीस जवळजवळ अशक्य होता. १८६० च्या सुमारास निसर्गचित्रकार कॉरो याचे मार्गदर्शन तिला लाभले. त्याने दोघी बहिणींना उघड्या आकाशाखाली चित्रे काढावयास लावले. पुढे ज्या गोष्टीसाठी दृक्प्रत्ययवाद्यांचा गवगवा झाला, ती सवय तिला वयाच्या विशीतच लागली होती.

१८६४ च्या सालोंमध्ये, म्हणजे शासनमान्य वार्षिक प्रदर्शनात, दोघी बहिणींची चित्रे स्वीकारली गेली. बेर्त तेव्हा २३ वर्षांची होती. त्यानंतर १८७३ पर्यंत तिची चित्रे सालोंमध्ये वारंवार लागली. अर्थात ‘नाकारल्या गेलेल्या चित्रकारांचे बंड’ ही जी दृक्प्रत्ययवादाची रूढ कथा आहे, ती तिला नीट लागू पडत नाही. तिला प्रस्थापित दरवाजा उघडा होता. तो तिने स्वतः सोडला.

एदमाची कथा येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण बेर्तच्या वाट्याला काय येऊ शकले असते हे तीवरून कळते. गुण, शिक्षण आणि संधी या बाबतींत दोघींत फरक नव्हता. १८६९ मध्ये एदमाने आदोल्फ पोंतियों या नौदल अधिकाऱ्याशी विवाह केला, ती लोरियाँ या बंदराच्या गावी गेली आणि चित्रकला सुटली. त्यानंतरची बहिणींची पत्रे वाचताना जाणवते की, एकीला दुसरीच्या संसाराची ओढ आहे आणि दुसरीला पहिलीच्या रंगांच्या वासाची. त्याच वर्षी बेर्त लोरियाँला गेली असता तिने बंदराच्या कठड्यावर पांढऱ्या पोशाखात, छत्री घेऊन बसलेल्या एदमाचे चित्र काढले. आज ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. चित्रात पाणी आणि आकाश यांनी बहुतेक जागा व्यापली आहे आणि एदमा एका कडेला सरकलेली आहे.

मानेच्या चित्रांतील स्त्री

१८६८ मध्ये लूव्र येथे फांतँ-लातूर या चित्रकाराने एद्वार माने याच्याशी बेर्तची ओळख करून दिली. त्याच वर्षी मानेने फांतँला लिहिलेल्या एका पत्रात, या मोरिझो भगिनी पुरुष नाहीत हे दुर्दैव, तथापि एकेका अकादमी-सदस्याशी विवाह करून त्या चित्रकलेच्या कार्यास हातभार लावू शकतील, अशी थट्टा केलेली आढळते. थट्टाच ती, परंतु मोकळ्या मनाच्या समजल्या जाणाऱ्या चित्रकाराच्या लेखणीतून उतरलेली.

पुढील सहा वर्षांत मानेने तिची सुमारे अकरा तैलचित्रे काढली. ‘गच्ची’, ‘विश्रांती’ आणि १८७२ मधील ‘जांभळ्या फुलांचा गुच्छ घेतलेली बेर्त मोरिझो’ ही त्यांतील विशेष प्रसिद्ध. काळे कपडे, काळी टोपी आणि रोखून पाहणारे काळेभोर डोळे असे तिचे रूप या चित्रांनी जगभर पोहोचविले. मोरिझोचे नाव ज्यांनी ऐकलेले नसते त्यांनीही तिचा चेहरा पाहिलेला असतो. या चित्रांत कोठे पंखा आहे, कोठे फुले आहेत. कुंचला एकाही चित्रात नाही. मानेला स्त्री चित्रकार रंगवावयाची नव्हती असेही म्हणता येत नाही, कारण १८७० मध्ये त्याने आपली शिष्या एव्हा गोन्झालेस हिचे ईझलपुढे बसून रंगकाम करतानाचे भव्य चित्र सालोंमध्ये मांडले होते. बेर्तला त्याचे शल्य होते, हे तिच्या पत्रांतून दिसते. ईझलपुढे उभी राहून काम करणारी बेर्त पाहावयाची असेल तर १८६५ च्या सुमारास एदमाने काढलेले चित्र पाहावे लागते. बहिणीला बहिणीचा व्यवसाय दिसला, तो दाखल्यात लिहिणाऱ्याला दिसला नाही.

१८७० मधील एक प्रसंग याहून बोलका आहे. सालोंसाठी बेर्तने आई व एदमा यांचे मोठे चित्र काढले होते आणि त्याविषयी ती साशंक होती. पाठविण्याच्या दिवशी माने घरी आला, चित्र चांगले आहे म्हणाला आणि आईच्या झग्याच्या काठाशी एकदोन फटकारे मारून दाखवू लागला. काठावरून तो झग्यावर, झग्यावरून धडावर आणि धडावरून चेहऱ्यावर गेला. विनोद करीत, हसत, रंगफलक तिच्या हाती देत आणि पुन्हा काढून घेत. संध्याकाळ झाली, चित्र न्यावयास गाडीवाला येऊन उभा राहिला आणि ते तसेच रवाना झाले. हे चित्र स्वीकारले गेल्याचे ऐकण्यापेक्षा नदीच्या तळाशी जावे, अशा अर्थाचे उद्गार बेर्तने पत्रात काढले आहेत. चित्र स्वीकारले गेले. आज त्या चित्रापुढे उभे राहिले असता आईचा काळा पोशाख आणि एदमाचा पांढरा पोशाख यांतील फटकाऱ्यांची जात वेगळी असल्याचे सहज लक्षात येते.

तरीही ती मानेची शिष्या होती, हे जे विधान पुढे अनेक ठिकाणी आले ते वस्तुस्थितीला धरून नाही. ती त्याच्याकडे कधी शिकली नाही. भेट झाली तेव्हा सालोंमध्ये चित्रे लावण्याचा तिचा चार वर्षांचा अनुभव होता. १८७४ मध्ये मानेने स्वतंत्र प्रदर्शनापासून दूर राहण्याचा सल्ला दिला असता तिने तो मानला नाही. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी तिने मानेचा धाकटा भाऊ युजेन याच्याशी विवाह केला. त्यानंतर मानेने तिचे चित्र काढले नाही. सही मात्र ती अखेरपर्यंत ‘बेर्त मोरिझो’ अशीच करीत राहिली.

१८७४ आणि नंतर

१८७३ च्या अखेरीस मोने, पीसारो, दगा, रन्वार, सिसली आदींनी शासनमान्य परीक्षक मंडळाला टाळून चित्रकारांची एक मंडळी स्थापन केली. मोरिझोला निमंत्रण देताना दगाने तिच्या आईला पत्र लिहिले, ही त्या काळच्या शिष्टाचाराची गंमत. १५ एप्रिल १८७४ रोजी बुलव्हार दे कापुसिन येथे, छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत, पहिले प्रदर्शन उघडले. सुमारे तीस सहभागी चित्रकारांच्या या गटात मोरिझोचे स्थान प्रथमपासून मध्यवर्ती होते. ‘पाळणा’, ‘लपंडाव’, ‘वाचन’ ही तिची चित्रे तेथे होती. त्यांपैकी ‘लपंडाव’ हे मानेच्या मालकीचे होते. स्वतः प्रदर्शनात न उतरलेल्या मानेने ते मांडण्यासाठी दिले होते.

जुना गुरू गिशार प्रदर्शन पाहून व्यथित झाला. त्याने आईला पत्र लिहून कळविले की, मुलीने या मंडळींची संगत सोडावी, आठवड्यातून दोनदा लूव्रमध्ये जावे आणि कोरेज्जोच्या चित्रांपुढे तीन तास उभे राहून, जे केवळ जलरंगानेच साधते ते तैलरंगाकडून वदवून घेण्याचा प्रयत्न केल्याबद्दल क्षमा मागावी. या तक्रारीत गिशारचा कोतेपणा आहे, परंतु त्याची नजर अचूक होती. तैलरंग जलरंगासारखा पातळ, वाहता वापरणे, कॅनव्हासच्या कडा मोकळ्या सोडणे, आकृती आणि पार्श्वभूमी एकाच वेगाच्या फटकाऱ्यांत मिसळणे, हेच तर मोरिझोचे वैशिष्ट्य होय. ज्याला तो दोष म्हणत होता त्याला पुढील पिढीने शैली म्हटले.

मार्च १८७५ मध्ये मोने, रन्वार, सिसली आणि मोरिझो यांच्या चित्रांचा ओतेल द्रूओ येथे लिलाव झाला. प्रेक्षकांनी गोंधळ घातला, पोलीस बोलवावे लागले. एका इसमाने मोरिझोला उद्देशून अपशब्द वापरला तेव्हा पीसारोने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला, असे नंतरच्या आठवणींत सांगितले जाते. लिलावाच्या हिशेबात मात्र वेगळेच चित्र आहे. तिच्या एका अंतर्दृश्यास ४८० फ्रँक एवढी बोली मिळाली. त्या दिवशीच्या सर्वांत वरच्या बोलींपैकी ही एक होती. रन्वारची काही चित्रे शंभर फ्रँकांच्या आत गेली.

१८७६ च्या दुसऱ्या प्रदर्शनावर ‘फिगारो’ या वृत्तपत्रात आल्बेर वोल्फ याने पाचसहा वेड्यांचा कंपू आणि त्यात एक स्त्री, अशी संभावना केली. पण त्या वेडातही तिच्या ठायी स्त्रीसुलभ लालित्य टिकून असल्याचे प्रशस्तिपत्र देऊन ठेवले. पुढील वर्षी पॉल मांत्झ याने ‘ल ताँ’ मध्ये लिहिले की, खरे पाहता या गटात दृक्प्रत्ययवादी म्हणावा असा चित्रकार एकच आहे आणि ती म्हणजे बेर्त मोरिझो. १८७८ मध्ये तेओदोर द्यूरे याने या चित्रकारांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. तीत मोने, सिसली, पीसारो, रन्वार आणि मोरिझो अशा पाचच चित्रकारांचा विचार आहे. तेव्हा चळवळीच्या पहिल्या इतिहासकाराला तिचे स्थान कोठे आहे याविषयी संदेह नव्हता.

मग घसरण कोठे झाली? तिची एक पायरी स्तुतीच्या भाषेतच होती. तिच्या समर्थकांनी जे शब्द वापरले ते पाहावेत : नाजूक, तरल, सुगंधी, मोहक, स्त्रीसुलभ. १८८० मध्ये शार्ल एफ्रुसी याने ती जणू फुलांच्या पाकळ्या रंगफलकावर चुरडून चित्रे काढते अशी कल्पना केली. मोनेच्या फटकाऱ्याला निरीक्षण म्हटले गेले, तिच्या फटकाऱ्याला स्वभाव. आयरिश लेखक जॉर्ज मूर याने १८९० च्या दशकात लिहिले की, नष्ट झाल्यास कलेच्या इतिहासात पोकळी निर्माण होईल अशी स्त्रीने काढलेली चित्रे फक्त हिचीच. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? परंतु तेही ‘स्त्रियांची कला’ या वेगळ्या कप्प्यात ठेवूनच दिलेले आहे. कप्पा एकदा वेगळा झाला की, मुख्य इतिहास लिहिताना तो उघडण्याची गरज कोणाला वाटत नाही.

या गटासाठी तिने केलेले व्यवस्थापनाचे कामही असेच नजरेआड राहिले. १८८६ च्या आठव्या व अखेरच्या प्रदर्शनाच्या जुळवाजुळवीत ती आणि युजेन यांचा मोठा वाटा होता. मोने, रन्वार, सिसली त्यात सहभागी झाले नव्हते. १८८४ मध्ये एद्वार मानेच्या स्मृतिप्रदर्शनासाठीही या दांपत्याने परिश्रम घेतले आणि त्यानंतरच्या लिलावात त्याची चित्रे विकतही घेतली.

घर हेच कार्यस्थळ

मोरिझोच्या चित्रविषयांची मर्यादा हा तिच्याविरुद्धचा नेहमीचा आक्षेप आहे. तिच्या चित्रांत उपाहारगृहे नाहीत, नाट्यगृहांचे पडद्यामागचे जग नाही. बागा, बाल्कन्या, शयनगृहे, पाळणे आहेत. ग्रिझेल्डा पोलॉक यांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, हा विषयांच्या निवडीचा प्रश्न नसून वावराचा आहे. पॅरिसच्या ज्या जागा ‘आधुनिक’ म्हणून माने-दगा यांनी रंगविल्या, तेथे तिच्या वर्गाची स्त्री एकटी जाऊच शकत नव्हती. तिच्या चित्रांत वारंवार येणारे कठडे आणि कुंपणे त्या सीमारेषेच्या खुणा आहेत, असे पोलॉक म्हणतात.

हे विवेचन मान्य करूनही माझ्या मते मुद्दा येथे संपत नाही. मोरिझोने घर रंगविले ते विसाव्याची जागा म्हणून क्वचितच. तिला तेथे चाललेले काम दिसत होते. १८७२ च्या ‘पाळणा’ या चित्राकडे मातृत्वाचे गोड चित्र म्हणून पाहिले जाते. एदमा आणि तिची तान्ही मुलगी ब्लांश यांचे ते चित्र आहे. परंतु एदमाच्या चेहऱ्यावर वात्सल्याइतकाच शीण आहे. एक हात गालाशी, दुसऱ्या हाताच्या बोटांत पाळण्याच्या जाळीची कड, आणि नजर बाळावर असूनही कोठेतरी दूर. ज्या बहिणीने तीन वर्षांपूर्वी कुंचला ठेवला तिला, न ठेवणारी बहीण पाहत आहे. ते चित्र विकले गेले नाही.

१८८० च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात हिरवळीवर बसलेली दूधआई तान्ह्या ज्यूलीला पाजत आहे. बाळ चित्रकर्तीचे स्वतःचे, पाजणारी पगारी. लिंडा नॉक्लिन यांनी १९८८ मध्ये या चित्रावर लिहिताना एक विलक्षण गोष्ट पुढे आणली : येथे दोन स्त्रिया समोरासमोर बसून आपापले काम करीत आहेत. एकीचे श्रम दुधाचे, दुसरीचे रंगांचे. आणि पहिलीने दुधाचे श्रम पत्करले म्हणूनच दुसरीला रंगांचे श्रम करता येतात. वर्गभेदाचे हे सत्य मोरिझोला कितपत जाणवले असेल हे सोडून देऊ; परंतु तिने ते झाकलेले नाही. चित्रातील रंग इतके वेगाने टाकलेले आहेत की दूधआईचा चेहरा जवळजवळ विरघळून गेला आहे. बाळाचे पाजणे आटोपण्याच्या आत चित्र आटोपावयाचे होते, असे वाटावे इतका हा वेग आहे.

पुरुषांच्या बाबतीतही तिने असाच उलट क्रम लावला. १८७५ मध्ये विवाहानंतर इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट या बेटावर काढलेल्या चित्रात युजेन खिडकीशी बसून बाहेर पाहत आहे, आणि बाहेर रस्त्यावरून एक स्त्री व एक मुलगी चालली आहे. पुरुष खिडकीआड आणि स्त्री मोकळ्यावर अशी रचना त्या काळच्या चित्रांत विरळाच. १८८१ मध्ये बूझिव्हाल येथे तिने बागेत लेकीला खेळविणारा युजेन रंगविला. तेथे बालसंगोपनाचे काम बापाकडे आहे. युजेनविषयी एवढे म्हटलेच पाहिजे की, स्वतः हौशी चित्रकार असलेल्या या मनुष्याने पत्नीच्या चित्रांची मांडणी, चौकटी, पत्रव्यवहार यांची उस्तवार आयुष्यभर केली. चरित्रकारांनी त्याला एखाद्या ओळीत निकालात काढावे, हे न्याय्य नाही.

राहत्या घराचा उंच छताचा दिवाणखाना हीच तिची चित्रशाळा होती. गुरुवारी संध्याकाळी तेथे मालार्मे, दगा, मोने, रन्वार जेवावयास जमत. या मित्रांच्या आदराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही १८९० च्या सुमारास तिने आपल्या वहीत नोंद केली आहे की, स्त्रीला खऱ्या अर्थाने बरोबरीने वागविणारा पुरुष कधी झाला असेल असे वाटत नाही; आपण एवढेच मागितले असते, कारण आपले मोल त्यांच्याइतकेच आहे हे आपण जाणतो.

संग्रह, वारसा आणि विस्मृती

मोरिझोला उदरनिर्वाहासाठी चित्रे विकण्याची गरज नव्हती. मोने आणि पीसारो यांनी चित्रव्यापारी द्यूराँ-र्यूएल याच्यामार्फत शेकडो चित्रे विकली, ती अमेरिकेपर्यंत गेली, हातोहात फिरली, त्यांच्या किमती वाढल्या आणि त्यांच्याभोवती ग्रंथ रचले गेले. मोरिझोची बहुसंख्य चित्रे घरात राहिली. आर्थिक सुस्थिती ही तिच्या हयातीत सोय होती, तीच मरणोत्तर अडचण ठरली. तिचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले तेच १८९२ च्या मे महिन्यात, बूसो-व्हालादों यांच्या दालनात. युजेन त्याआधी एप्रिलमध्ये वारला होता.

फेब्रुवारी १८९४ मध्ये चित्रकार ग्युस्ताव कायबोत निधन पावला आणि त्याने आपला संग्रह फ्रेंच शासनाला दिला. शासकीय संग्रहालयातील दृक्प्रत्ययवादी चित्रांचा पाया या संग्रहाने घातला. त्यात दगा, माने, मोने, पीसारो, रन्वार, सिसली, सेझान आहेत. मोरिझोचे एकही चित्र नाही. कायबोतने सहकाऱ्यांना साहाय्य व्हावे म्हणून चित्रे विकत घेतली होती आणि मोरिझोला साहाय्याची गरज नव्हती, असा याचा अर्थ लावता येईल. हेतू कोणताही असो, परिणाम व्हावयाचा तो झाला असता. तो टळला तो मालार्मेमुळे. पुढील महिन्यात द्यूरेच्या संग्रहाचा लिलाव होता. मालार्मेने शासनातील परिचितांकडे शब्द टाकला आणि तिचे १८७९ मधील ‘नृत्यसमारंभाच्या पोशाखातील तरुणी’ हे चित्र लुक्साँबूर संग्रहालयासाठी विकत घेतले गेले. हयातीत शासनाने घेतलेले तिचे हेच एक चित्र.

मृत्यूच्या आदल्या दिवशी तिने १६ वर्षांच्या ज्यूलीला पत्र लिहिले. त्यात मोने, रन्वार आदी मित्रांना आठवण म्हणून काय द्यावे हे सांगितले आहे आणि दगाला कळवावयास सांगितले आहे की, त्याने संग्रहालय काढलेच तर त्यासाठी मानेचे एखादे चित्र निवडावे. स्वतःचे चित्र निवडावे, असे तिने लिहिले नाही.

पुढील मार्चमध्ये, प्रथम स्मृतिदिनाच्या सुमारास, द्यूराँ-र्यूएलच्या दालनात तिचे मरणोत्तर प्रदर्शन भरले. सुमारे ३८० कलाकृती होत्या. त्या भिंतींवर लावण्याचे काम दगा, मोने व रन्वार यांनी स्वतः केले. मालार्मेने प्रस्तावना लिहिली. रेखाटनांचा पडदा दालनाच्या मध्यभागी उभारावा की नाही यावरून दगा आणि इतरांत कडाक्याचा वाद झाला, ही हकिकत ज्यूलीच्या रोजनिशीत आहे. पन्नाशी उलटलेले तीन मातब्बर चित्रकार शिड्यांवर चढून एका सहकारिणीची चित्रे टांगत आहेत आणि भांडत आहेत, हे दृश्य ‘व्यवसाय नाही’ या नोंदीला एक वर्ष झाले असतानाचे आहे. पीसारोनेही मुलाला लिहिलेल्या पत्रात आपल्या विरळ होत चाललेल्या गटाला या स्त्रीने भूषण आणले, असे म्हटले होते.

त्यानंतर चित्रे पुन्हा घरी गेली. ज्यूलीने १९०० मध्ये एर्नेस्त रूआर याच्याशी विवाह केला. त्याच दिवशी मोरिझोची भाची जानी हिचा विवाह कवी पॉल व्हालेरी याच्याशी झाला. या कुटुंबाने चित्रांची जपणूक निष्ठेने केली, म्हणूनच ती आज आहेत. पण जपणूक ही कुटुंबाच्या परीने झाली. व्हालेरीने १९२६ मध्ये तिच्यावर मर्मज्ञ लेख लिहिला, त्याचे शीर्षक ‘बेर्त मावशी’ असे आहे. कोणत्याही कलेतिहासात ‘क्लोद काका’ या शीर्षकाखाली मोनेचा विचार झालेला नाही. मोरिझो जेथे राहिली आणि चित्रे काढीत असे त्या र्यू द व्हिलझ्यूस्त या रस्त्याला आज पॉल व्हालेरी याचे नाव आहे.

‘पाळणा’ हे चित्र लूव्रने घेतले ते १९३० मध्ये, काढल्यानंतर ५८ वर्षांनी. तोपर्यंत ते एदमाच्या वंशजांकडे होते. ज्यूलीचा पुत्र दनी रूआर याने १९५० मध्ये आजीचा पत्रव्यवहार प्रसिद्ध केला आणि या लेखातील बऱ्याचशा घटना जगाला प्रथमच कळल्या. त्याच्याकडील संग्रह १९९६ मध्ये पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात स्थिर झाला. तोच आज मोरिझोच्या अभ्यासाचा मुख्य आधार आहे. हातात रंगफलक घेतलेली, केस बांधलेली, थेट पाहणारी १८८५ ची तिची आत्मप्रतिमाही तेथेच आहे.

१९७१ मध्ये लिंडा नॉक्लिन यांनी थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, हा प्रश्न जाहीरपणे विचारला आणि त्याचे उत्तर प्रतिभेत न शोधता संस्थांत शोधले. त्यानंतरच मोरिझोच्या पुनर्मूल्यांकनास गती आली. १९८७ मध्ये वॉशिंग्टन येथून सुरू झालेले मोठे प्रदर्शन आणि १९९० मधील अ‍ॅन हिगॉनेट यांचे चरित्र हे त्यातील टप्पे होत. बाजारानेही उशिरा का होईना दखल घेतली. फेब्रुवारी २०१३ मध्ये लंडन येथे तिचे १८८१ मधील ‘भोजनानंतर’ हे चित्र सुमारे ७० लाख पौंडांना विकले गेले. स्त्री-चित्रकाराच्या कलाकृतीला लिलावात मिळालेली ती तोवरची सर्वाधिक किंमत होती.

२०१८ मध्ये कॅनडातील क्वेबेक येथे सुरू झालेले तिच्या चित्रांचे प्रदर्शन फिलाडेल्फिया आणि डॅलस येथून २०१९ मध्ये पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आले. अमेरिकेत त्याचे नाव ‘बेर्त मोरिझो : स्त्री दृक्प्रत्ययवादी’ असे होते. पॅरिसमध्ये लावलेल्या फलकावर केवळ तिचे नाव आणि जन्म-मृत्यूची वर्षे होती.